ओळखीच्या शब्दांचा घोळ : ‘क्लॅट’च्या तयारीतील इंग्रजी शब्दसंग्रहाचे एक प्रकरण

नागपूरच्या पूर्वेकडील पारडी भागात राहणाऱ्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि त्या वेळी बारावी कला शाखेत असलेल्या एका विद्यार्थिनीच्या तयारीचा हा अभ्यास आहे. तिला राष्ट्रीय विधी विद्यापीठातील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता. वर्धा मार्गाच्या बाजूला वारंगा येथे असलेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ तिची पहिली पसंती होती, कारण तेथे प्रवेश मिळाला तर शहर सोडावे लागणार नव्हते. तिच्या तयारीतील इंग्रजी शब्दसंग्रहाचा भाग माझ्याकडे होता, आणि येथे तेवढ्याच भागाची मांडणी केली आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे नाव आणि घरचे तपशील वगळले आहेत.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, २०२० पासून पूर्णपणे उताऱ्यांवर आधारित झाली. त्याआधी समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा असे सुटे प्रश्न येत असत, आणि शब्दसंग्रहाची म्हणून बाजारात मिळणारी बरीच पुस्तके आजही त्याच जुन्या स्वरूपाला धरून आहेत. सध्या दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. इंग्रजी विभागात २२ ते २६ प्रश्न असतात आणि ते साधारण ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर विचारले जातात. कायदेविषयक आणि तर्कविषयक विभागांतही उतारेच असतात आणि संपूर्ण परीक्षा इंग्रजीतून होते. त्यामुळे शब्दसंग्रह कच्चा असला की त्याची किंमत एका विभागापुरती मोजावी लागत नाही.

विद्यार्थिनी जूनमध्ये आली तेव्हा तिच्याजवळ एक जाडजूड रजिस्टर होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, अशी वर्णक्रमाने उतरवलेली ती यादी अकरावीच्या वर्षभरात ‘ई’ अक्षराच्या शब्दांपर्यंत पोचली होती. अक्षर सुबक होते, प्रत्येक पानाला समास होता, आणि चुकलेले शब्द लाल शाईने पुन्हा लिहिले होते. मेहनतीत कोठेही कसूर नव्हती. मी मधूनमधून शब्द विचारले तेव्हा ‘ए’च्या पानांवरील बहुतेक अर्थ तिने धडाधड सांगितले, पुढच्या पानांवर ती अडखळू लागली, आणि तरीही एकूण पाठांतर समाधानकारक म्हणावे असेच होते. सराव परीक्षांमधील इंग्रजी विभागात मात्र तिचे निम्मे प्रश्न चुकत होते. स्वतःचे निदान तिने आधीच करून ठेवले होते: यादी पूर्ण झालेली नाही, म्हणून गुण येत नाहीत. घरच्यांचे आणि मैत्रिणींचेही तेच मत होते.

हे निदान खरे की खोटे ते ठरवण्यासाठी तिला इंग्रजी वृत्तपत्राच्या संपादकीय पानावरचा, परीक्षेतील उताऱ्याएवढ्या लांबीचा एक लेख दिला आणि न येणारे सर्व शब्द अधोरेखित करण्यास सांगितले. तिने आठ शब्दांखाली रेघ ओढली. येथे एका संशोधनाचा आधार उपयोगी पडतो. हू आणि नेशन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाच्या ओळखीचे असावे लागतात. ४५० शब्दांच्या उताऱ्यात दोन टक्के म्हणजे नऊ शब्द. या हिशेबाने आठ अनोळखी शब्द ही अडचण ठरायला नको होती. तरीही उताऱ्यावरील सहा प्रश्नांपैकी चार उत्तरे चुकली, आणि ती चारही उत्तरे ज्या वाक्यांवर अवलंबून होती त्या वाक्यांत अधोरेखित केलेला एकही शब्द नव्हता.

त्यानंतर तोच लेख आम्ही वाक्यावाक्याने मराठीत सांगत वाचला. एके ठिकाणी सरकारी समितीने एका प्रस्तावाबद्दल ‘सीरियस रिझर्व्हेशन्स’ व्यक्त केल्याचे वाक्य होते. विद्यार्थिनीने त्याचा अर्थ सांगितला तो असा, की समितीने प्रस्तावात आरक्षणाची गंभीर मागणी केली. मी थांबवले तेव्हा ती म्हणाली, “हा शब्द तर मला येते, मॅडम.” तो तिला येत होताच. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात तो रोज कानावर पडतो, रेल्वेच्या तिकिटापासून शासकीय नोकरीपर्यंत. मात्र मनातील शंका किंवा आक्षेप हा त्याचा अर्थ मराठीत आलेलाच नाही. त्याच लेखात पुढे एका देशावर लादलेल्या ‘सँक्शन्स’चा उल्लेख होता. बँकेने कर्ज सँक्शन केले एवढेच ऐकलेल्या विद्यार्थिनीने तेथे निर्बंधांऐवजी मंजुरी असा अर्थ घेतला आणि संपूर्ण परिच्छेद उलटा वाचला. लेखक एका धोरणाबद्दल ‘क्रिटिकल’, म्हणजे टीकात्मक, असल्याचे वाचून तिला वाटले की लेखकाने धोरण महत्त्वाचे मानले आहे, कारण तिच्या कानावरचा क्रिटिकल हा शब्द अतिदक्षता विभागातील रुग्णाबद्दलचा होता.

अशा रीतीने लेख संपला तेव्हा अधोरेखित न केलेले, पण प्रत्यक्षात न समजलेले आणखी बारा-तेरा शब्द निघाले. आधीचे आठ धरून ही संख्या वीसच्या घरात, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ९८ टक्क्यांची मर्यादा कधीच ओलांडली गेलेली असते. तिची खरी अडचण येथे होती. जिन्यात रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक असावे आणि तो करतो काय ते ठाऊक नसावे, तशी या शब्दांशी तिची ओळख होती, आणि ओळख असल्यामुळेच शंका येत नव्हती. अगदी अनोळखी शब्द आला की विद्यार्थी सावध होतो, मागचे-पुढचे वाक्य पाहतो, निदान त्या प्रश्नाला हात लावू की नको याचा विचार करतो. ओळखीचा शब्द बेसावध गाठतो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द कमी येतात असे सरसकट म्हटले जाते. माझ्या अनुभवात त्यांना मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द भरपूर येतात, आणि परीक्षेत नेमके तेच दगा देतात.

चुकांचा दुसरा गट वाक्याची दिशा बदलणाऱ्या शब्दांचा होता. ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘ऑल्बीट’, ‘हार्डली’, ‘फार फ्रॉम’, ‘नथिंग बट’, ‘लेस्ट’ असे शब्द ती डोळ्यांखालून घालत असे, पण त्यांना वाक्यात काही काम आहे हे तिच्या वाचण्यात दिसत नसे. ‘जेमतेम’ या अर्थाच्या ‘हार्डली’चा संबंध तिने कष्टाशी जोडला होता. तिसरा गट आणखी वेगळा होता, आणि तो उताऱ्यात नसून पर्यायांत होता. लेखकाचा सूर कोणता, असा प्रश्न आला की पर्यायांत ‘स्केप्टिकल’, ‘अँबिव्हॅलंट’, ‘इंडिग्नंट’, ‘सार्डॉनिक’ असे शब्द असतात. उतारा समजला, उत्तर मनात तयार आहे, पण त्या उत्तराला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नाही, अशी तेथे परिस्थिती होती.

एवढे स्पष्ट झाल्यावर रजिस्टर बंद केले. हा निर्णय तिला मानवला नाही. वर्षभराचे काम कपाटात ठेवण्याची कल्पना कोणालाही जड जाईल. म्हणून एक तडजोड झाली. वाचनात एखादा शब्द भेटला आणि तो रजिस्टरमध्ये आधीच असला, तर त्यापुढे तारखेसह खूण करायची. महिनाभरात अशा खुणा इतक्या थोड्या झाल्या की तो वाद पुन्हा निघाला नाही.

नव्या पद्धतीत शब्द यादीतून न घेता वाचनातून घ्यायचा होता. अभ्यासिकेत ‘द हितवाद’ येत असे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या या दैनिकाचे संपादकीय पान तिने रोज वाचावे, त्यातून सहा ते आठ शब्द निवडावेत आणि प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करावे असे ठरले. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द एकटा लिहायचा नाही. ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य लिहून त्या शब्दाखाली रेघ ओढायची. मागे त्या वाक्यातील अर्थ, त्याखाली मराठीत आपण तो शब्द वापरतो तो अर्थ, आणि तो शब्द सहसा कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो ते लिहायचे. ‘पोझ’चे कार्ड उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहे. पुढे धोका ‘पोझ’ करणाऱ्या प्रदूषणाविषयीचे वाक्य होते. मागे ‘निर्माण करणे’, त्याखाली ‘आपल्याकडे: फोटोसाठी’, आणि शेवटच्या ओळीत ‘थ्रेट, चॅलेंज, क्वेश्चन, रिस्क’ अशी सोबत्यांची नोंद. ही शेवटची ओळ भरायला तिला सर्वाधिक वेळ लागत असे आणि तिचाच सर्वाधिक उपयोग झाला, कारण पुढे ‘चॅलेंज’ दिसला की त्याच्या आधी आलेल्या ‘पोझ’चा अर्थ विचारात पडल्याशिवाय लागू लागला.

मराठी अर्थ लिहूच नये, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच समजून घ्यावा, असा आग्रह काही शिक्षक धरतात. बारावीच्या वर्षात, बोर्डाच्या परीक्षेचे ओझे डोक्यावर असताना, हा आग्रह मला पटत नाही. नेमका मराठी अर्थ हाताशी असताना इंग्रजी व्याख्येच्या चार ओळी पाठ करण्यात वेळ जातो आणि अर्थ संदिग्धच राहतो. अडचण मराठी अर्थाची नसते; एका शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहून थांबण्याची असते.

उजळणीसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली कप्प्यांची पद्धत घेतली. संत्रा बर्फीच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठा कापून पाच कप्पे केले. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि रोज पाहिले जाते. अर्थ आठवला तर ते पुढच्या कप्प्यात सरकते आणि अधिक दिवसांनी समोर येते. चुकले तर कितव्याही कप्प्यातून परत पहिल्या कप्प्यात येते. यामागचे कारण हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून मांडले होते: शिकलेले विसरण्याचा वेग पहिल्या दिवसात सर्वाधिक असतो आणि पुढे तो मंदावतो, त्यामुळे सुरुवातीची उजळणी लवकर आणि नंतरची सावकाश केली तरी चालते. रजिस्टरमध्ये नेमके उलट घडत होते. पाने ओळीने वाचायची असल्यामुळे पाठ झालेले ‘ए’चे शब्द पुन्हा पुन्हा पाहिले जात आणि कच्च्या शब्दांची पाळी येण्याआधी दिवस संपत असे. शिवाय दोन्ही स्तंभ एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्यामुळे आठवण्याचा प्रयत्नच होत नसे. वाचून येते आहे असे वाटे आणि पान उलटले जाई.

पहिल्या कप्प्यातील कार्डे रबर बँड लावून ती सोबत नेत असे. प्रजापती नगर ते सीताबर्डी हा मेट्रोचा प्रवास वीसेक मिनिटांचा आहे आणि सकाळच्या उजळणीला तेवढा पुरे. घरी फक्त नवी कार्डे लिहिण्याचे काम उरत असे.

दिशादर्शक शब्दांसाठी कार्डे फारशी कामाची नव्हती. तेथे वाक्य तोडून दोन भागांत लिहायचे आणि मधल्या शब्दाने दुसऱ्या भागाला कोणीकडे वळवले ते बाणाने दाखवायचे, एवढाच सराव केला. न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५७० शब्दकुलांच्या (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुल) यादीचा मात्र उपयोग झाला. शैक्षणिक लेखनात वारंवार येणारे शब्द त्या यादीत वारंवारतेनुसार दहा भागांत विभागले आहेत. ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘ऑल्बीट’ आणि वर आलेला ‘पोझ’ हे तिन्ही शेवटच्या भागात सापडतात. ती यादी पाठ करण्यासाठी दिली नाही. आपण निवडलेले शब्द परीक्षेच्या दृष्टीने कामाचे आहेत की केवळ चमकदार आहेत, हे पडताळण्याची चाळणी म्हणून ती वापरली.

सूरवाचक शब्दांच्या बाबतीत मात्र यादीच योग्य ठरली, हे नोंदवले पाहिजे. हे शब्द मोजके आहेत, पर्यायांत तेच ते फिरून येतात आणि वाचनात त्यांची गाठ पडेपर्यंत थांबायला वेळ नसतो. सुरुवात मराठीतून केली. तिने मराठी दैनिकांचे अग्रलेख वाचून प्रत्येकाचा सूर एका शब्दात सांगायचा: उपरोधिक, खोचक, तिरकस, मिश्किल, कळकळीचा, संतप्त, साशंक, अलिप्त. यात ती पहिल्या दिवसापासून तरबेज होती; उपरोध आणि कुत्सितपणा यांतील फरक तिने मला अग्रलेखातील वाक्यावर बोट ठेवून दाखवला. जी जाण मराठीत पक्की आहे तिला इंग्रजी नाव देणे हे मग आठ-दहा दिवसांचे काम होते. त्यातही ‘इंडिफरंट’ म्हणजे उदासीन, ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अँबिव्हॅलंट’ म्हणजे मनात दोन्ही बाजू असलेला, हे तीन शब्द शेवटपर्यंत एकमेकांत मिसळत राहिले.

शब्दाची फोड करून अर्थ लावण्याचा मार्ग तिला आधीपासून आवडत होता, कारण शाळेत संस्कृत होते. उपसर्गामुळे धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे नेला जातो, हे सांगताना प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार यांची उदाहरणे देणारा श्लोक तिला पाठ होता. त्याच धर्तीवर ‘इंडक्ट’, ‘डिडक्ट’, ‘कंडक्ट’ किंवा ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रिट्रोस्पेक्ट’ हे गट तिने पटापट लावले. परंतु श्लोकातील ‘बळेच’ हा इशाराही तेवढाच महत्त्वाचा आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे खरे तर अमूल्य; पण किंमत नसलेला, असा अर्थ तिने याच पद्धतीने काढला आणि एका सराव परीक्षेत पाव गुण गमावला. फोड करून सुचलेला अर्थ वाक्यात बसवून पाहिल्याशिवाय उत्तर नोंदवायचे नाही, हा नियम त्यानंतर पाळला गेला.

दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. तेथून तिने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी भाषणांची एक स्वस्त आवृत्ती आणली. ‘क्लॅट’च्या उताऱ्यांत ऐतिहासिक महत्त्वाचे लेखनही येऊ शकते, त्यामुळे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत झालेले त्यांचे भाषण आम्ही अभ्यासासाठी घेतले. घटनात्मक मार्ग खुले असताना घटनाबाह्य मार्ग म्हणजे ‘नथिंग बट द ग्रामर ऑफ अनार्की’, असे त्यांनी तेथे म्हटले आहे. या पाच-सहा शब्दांत तिच्या दोन्ही जुन्या अडचणी एकत्र आल्या होत्या: ‘नथिंग बट’ म्हणजे ‘दुसरे काही नसून तेच’, आणि ‘ग्रामर’ म्हणजे शाळेतील व्याकरण नसून एखादी गोष्ट ज्या नियमांनी चालते ते नियम. तिने दोन्ही न विचारता सांगितले. उपचाराचा परिणाम होत असल्याचे मला या ठिकाणी प्रथम खात्रीने वाटले, सराव परीक्षेच्या गुणांवरून वाटले त्याहून अधिक.

त्यानंतर लगेच घडी विस्कटली. कनिष्ठ महाविद्यालयाची सत्र परीक्षा, मग दिवाळी, मग घरातील एक लग्न यांमुळे तीन आठवडे खोक्याला हात लागला नाही. पहिल्या दोन कप्प्यांत दोनशेच्या वर कार्डे साचली आणि परीक्षा महिन्याभरावर आली होती. सगळी कार्डे रोज पाहायची म्हटली तर वाचन बंद करावे लागले असते. तेव्हा कार्डे दोन ढिगांत वाटली: बनवल्यापासून वाचनात किंवा सराव उताऱ्यात जो शब्द पुन्हा एकदाही भेटला नाही तो सरळ बाद, आणि उरलेल्यांचीच उजळणी. निम्म्याहून अधिक कार्डे बाद झाली. विद्यार्थिनीला हे पटवायला वेळ लागला नाही. रजिस्टरच्या वेळी झाला होता तसा विरोधही झाला नाही.

डिसेंबरच्या परीक्षेआधीच्या सराव चाचण्यांत इंग्रजी विभागात तिचे सरासरी चार प्रश्नांतील तीन बरोबर येत होते आणि उताऱ्यामागे लागणारा वेळही घटला होता. प्रत्यक्ष परीक्षेत इंग्रजीने तिला साथ दिली. चालू घडामोडी आणि गणिती भागात ती मागे पडली, आणि एकूण क्रमांक तिच्या पसंतीच्या विद्यापीठापर्यंत पोचला नाही. पुढे राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेतून, म्हणजे जी मराठीतूनही देता येते आणि जिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत त्या परीक्षेतून, तिला नागपुरातच पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ती परीक्षा तिने इंग्रजीतून दिली.

या प्रकरणात एक बाजू अपुरी राहिली. वाचताना ओळखता येणारे शब्द आणि स्वतःच्या लेखनात वापरता येणारे शब्द यांतील अंतर जवळपास तसेच राहिले, कारण बहुपर्यायी परीक्षेला दुसऱ्या प्रकाराची गरज नव्हती आणि त्यासाठी वेळही काढला गेला नाही. विधी अभ्यासक्रमात मात्र उत्तरे लिहावी लागतात. पहिल्याच सत्रात करार कायदा शिकताना १८७२ च्या अधिनियमातील ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला, हे तिने वाचताच ओळखले; त्यावर स्वतःच्या इंग्रजीत परिच्छेद लिहिताना मात्र ती अजूनही आधी मराठीत मांडणी करते आणि मग एकेक वाक्य इंग्रजीत नेते. सध्या कार्डांच्या मागच्या बाजूला चौथी ओळ वाढवली आहे, तिने स्वतः रचलेल्या वाक्यासाठी, आणि आठवड्याची ती वाक्ये ती शनिवारी मला तपासायला देते.